इंजिनावरची गुरम्मा

नवी पेठेतल्या ‘प्रभा फोटो स्टुडिओ’चा मालक वेणीमाधव करकंबकर माणसांचे फोटो काढायचा पोटासाठी आणि मालगाड्यांचे हौसेसाठी. हौसेला मोल नसतं म्हणतात. साफ खोटं आहे. मोल असतं, फक्त ते दरवेळी हौस करणाऱ्याच्याच पदरी येतं असं नाही. वेणीमाधवच्या हौसेचं मोल दुसऱ्याच एका माणसाला द्यावं लागलं, आणि ही गोष्ट वेणीमाधवला पुढे सगळं आयुष्य डाचत राहिली.

तसा माणूस वाईट नव्हता. करकंबच्या शाळामास्तरांचा हा धाकटा मुलगा. थोरला भाऊ कचेरीत कारकून झाला, वेळेवर लग्न केलं, वेळेवर टक्कल पडून घेतलं आणि घरच्यांच्या मनासारखा निघाला. वेणीमाधव मॅट्रिकला दोनदा गचकला, पुण्याला मामाकडे राहून फोटोग्राफी शिकला आणि सोलापुरात येऊन त्याने बायकोच्या नावाने स्टुडिओ थाटला. प्रभाताई यावर कधी विरघळल्या नाहीत. “पाटीवर माझं नाव आणि मन त्या रुळांवर,” म्हणायच्या. “लोकांना बाहेरख्यालीपणा करायला माणसं तरी लागतात. आमच्या ह्यांना वाघिणी पुरतात, त्याही कोळशाच्या.”

आता मालगाडीच का, असं कुणी विचारलं तर वेणीमाधव स्टुडिओतल्या पडद्याकडे बोट दाखवायचा. पडद्यावर तळं होतं, तळ्यात दोन राजहंस होते आणि मागे कुठल्या देशातले कोण जाणे बर्फाचे डोंगर होते. त्यासमोर वैशाखातल्या उन्हात वाळलेली माणसं श्वास रोखून बसायची. नवऱ्यामुलाचं मनगटी घड्याळ दिसलंच पाहिजे. मुलीचा बाप कानाशी लागून सांगणार, जरा गोरी येऊ द्या. स्टुलावर टेलिफोन ठेवलेला असायचा, त्याला वायर नव्हती, तरी दहातल्या आठ जणांना तो कानाला लावून फोटो हवा असायचा. आणि हसायचं मात्र कुणी नाही. फोटोत हसणं म्हणजे तेराव्याला टाळ्या पिटल्यासारखं वाटायचं लोकांना. “मालगाडी कधी म्हणत नाही मला गोरी काढा,” वेणीमाधव म्हणायचा. “येते तशी येते, जाते तशी जाते.”

स्टेशन मागे टाकून पुढे गेलं की रूळ एका मिलच्या पिछाडीने वळत होते. तिथे फाटक होतं, फाटकाशी एक लिंबाचं झाड होतं. सकाळी त्या झाडाखाली उभं राहिलं की वळणावरून येणारं काळं इंजीन, त्यामागे लांबच लांब वाघिणी, त्यांच्यामागे मिलची करवतीच्या दातांसारखी छपरं आणि सगळ्यांच्या वर आभाळात घुसलेली चिमणी, असं सगळं एका चौकटीत बसायचं. इंजिनाचा धूर आणि चिमणीचा धूर वर जाऊन एकमेकांत मिसळायचे. तो क्षण पकडायला वेणीमाधव तासन्‌तास उभा राहायचा. हाताशी वेळ असला की फिल्म नसायची, म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. लग्नाचे फोटो काढताना प्रत्येक रोलमधली शेवटची एक चौकट तो राखून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ती मालगाडीवर खर्ची घालायचा. एकदा गडबडीत एका वऱ्हाडाला सप्तपदी, कन्यादान आणि कोळशाच्या बेचाळीस वाघिणी असा संच गेला. नवऱ्यामुलाचा काका भांडायला आला होता.

बाहत्तरच्या दुष्काळात धान्याच्या गाड्या रोज यायला लागल्या आणि वेणीमाधवचं फाटकावर जाणंही रोजचं झालं. त्याच दिवसांत एकदा दुपारी एक उंच, काळासावळा, घोगऱ्या आवाजाचा माणूस स्टुडिओच्या पायरीशी येऊन उभा राहिला. नुकताच अंघोळ करून आलेला, तरी कानाच्या पाळीमागे कोळसा राहिलेला.

“तुमीच का ओ ते,” त्याने विचारलं, “फाटकापशी पोटाकडं बघत उभारणारे?”

वेणीमाधवचा बाहेरचा कॅमेरा वरून खाली बघायचा होता. पोटाशी धरून त्याच्या काचेत डोकवावं लागे. इंजिनावरून बघणाऱ्याला हे पोटाकडे बघणं वाटलं यात नवल नाही. “मी आमच्या फायरमनला म्हणलं, ह्या माणसाचं पोट तरी दुकतंय, न्हायतर गाडीखाली जायाचा इचार तरी चाललाय. म्हणून शिट्टी मारायचो की.”

हा ईरप्पा. अक्कलकोटकडचा, लिंगायत, मालगाडीवर ड्रायव्हर. घरात कानडी, इंजिनांच्या शेडात हिंदी आणि बाजारात मराठी बोलणारा. त्या दिवशी वेणीमाधवने त्याला कपाटातले सगळे फोटो काढून दाखवले, आणि आपल्या इंजिनाचा चेहरा ईरप्पाने पहिल्यांदा बाहेरून बघितला. चेहराच म्हणायला हवा. तेव्हा एकेक इंजीन एकेका ड्रायव्हरच्या हवाली असायचं, आणि ईरप्पाने आपल्या इंजिनाच्या गोल तोंडावर, कपाळ म्हणावं अशा जागी, चुन्याने विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले होते. पावसाने गेले की पुन्हा ओढायचा. शेडातली माणसं त्याला ‘स्वामींचं इंजीन’ म्हणायची. फोटो बघून ईरप्पा म्हणाला, “लई देखणं दिसतंय की ओ बेणं.”

तिथून पुढे दोघांचं सूत जमलं. फाटक जवळ आलं की ईरप्पा दोन छोट्या शिट्ट्या द्यायचा, वेणीमाधव कॅमेरा सावरायचा. फायरमन नेमका तेव्हाच कोळसा टाकायचा, म्हणजे धूर चांगला दाट निघायचा. आठवड्यातून एकदा ईरप्पा स्टुडिओत यायचा, फोटो बघायचा, प्रभाताईंच्या हातचा चहा प्यायचा आणि आईबद्दल बोलायचा.

आई म्हणजे गुरम्मा. ईरप्पा तिला अव्वा म्हणायचा. ईरप्पाचं बायकोपोरांचं बिऱ्हाड सोलापुरात, म्हातारी मात्र गावाकडे एकटी राहायची, रुळाला लागून असलेला जमिनीचा तुकडा करायची. मुलाची गाडी यायच्या सुमाराला बांधावर येऊन उभी राहायची, हात वर करायची. ईरप्पा शिट्टी मारायचा आणि गाडी निघून जायची. मायलेकांची भेट बहुतेक एवढीच. शहरात येऊन राहा म्हटलं तर म्हातारी ऐकायची नाही. आणि फोटो तर मुळीच काढू द्यायची नाही. तिच्या नवऱ्याने सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत हौसेने फोटो काढून घेतला होता, आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हापासून फोटो म्हणजे आयुष्य कापून घेणारी कात्री, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. वेणीमाधवने एकदोनदा विचारून बघितलं तर ईरप्पा हात जोडून म्हणाला, “नको ओ. खुरपं घिऊन मागं लागंल तुमच्या.”

पण म्हातारीची एक इच्छा मात्र होती. पोरगा गाडी हाकतो ती गाडी आपण कधी आतून बघितली नाही. एकदा तिने त्याला कानडीत विचारलं होतं, आणि ईरप्पा ते मराठीत सांगताना दरवेळी हसायचा: “म्हणती, तुज्या गाडीत बसतं कोण? म्हणलं, कुणी न्हाय, कोळसा असतो. तर म्हणती, मग मी कोळशापेक्षा जड हाय व्हय?”

शहात्तर सालच्या संक्रांतीनंतर एका दुपारी ईरप्पा आला तो दबक्या आवाजात बोलायला लागला. उद्या सकाळी त्याची गाडी गावाजवळच्या बारक्या स्टेशनावर मेलगाडीला वाट द्यायला थांबणार होती. अव्वाला तिथे इंजिनावर चढवायचं आणि सोलापुरापर्यंत आणायचं. इंजिनावर बाहेरच्या माणसाला घेणं म्हणजे नोकरीशी खेळ, आणि दिवस तर आणीबाणीचे, शिस्तीचे. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी जाब द्यावा लागायचा. हे ईरप्पाला कुणी शिकवायला नको होतं.

“तुमी फाटकापशी उभारा. एक फोटो काढा. तिला कळायचं न्हाय. पण माधवराव, एक शबूद द्या. कुणाला दाखवायचा न्हाय.”

“वेडा आहेस का? कुणाला दाखवेन?” वेणीमाधव म्हणाला. आणि तेव्हा तो अगदी मनापासून म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी थंडी होती, ऊन कोवळं होतं. वेणीमाधवकडे लग्नाच्या रोलमधली शेवटची एक चौकट तेवढी शिल्लक होती. दोन छोट्या शिट्ट्या झाल्या, वळणावरून इंजीन आलं आणि त्याने काचेत बघितलं. गुरम्मा कमरेपर्यंत बाहेर वाकली होती. मागून ईरप्पाच्या हाताने तिचा दंड घट्ट धरलेला. वाऱ्याने पदर डोक्यावरून उडून मागे फडफडत होता आणि म्हातारी हसत होती. गालातल्या गालात नव्हे, तोंड उघडून, पुढचा एक दात पडलेला तो सगळ्या जगाला दाखवत, लहान पोरीसारखी. इंजिनाची पांढरी वाफ तिच्या मागून उसळत होती, तिच्यावर मिलची चिमणी उभी होती. वेणीमाधवने बटण दाबलं. गाडी धडधडत निघून गेली, शेवटच्या डब्यातल्या गार्डने हात हलवला. वेणीमाधवला कळलं होतं की आपण आयुष्यात एवढाच एक फोटो काढायला जन्माला आलो होतो.

ईरप्पाने फोटो हातात घेऊन बघितला. “अव्वा हसती की ओ,” एवढंच तो दोनतीनदा म्हणाला. घरी न्यायची सोय नव्हती. क्वार्टर रेल्वेच्या चाळीत, आजूबाजूला सगळे रेल्वेचेच लोक, भिंतीला कान आणि खिडकीला डोळे. शिवाय आईला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. “हितंच ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी. मी येऊन बघत जाईन.” आणि तो तसा यायचा. ड्यूटी संपवून, अंघोळ करून, ओले केस नीट बसवून. जणू देवळात निघालाय. वेणीमाधव खण उघडून फोटो द्यायचा आणि स्वतः उगाच दुसरीकडे काहीतरी हुडकत बसायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं जे झालं त्याला दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही.

पाडवा जवळ आला आणि वेणीमाधवने दुकानाच्या काचेतले फोटो बदलायला काढले. तिथे एक नवरानवरी होती, उन्हाने पार पिवळी पडलेली. आणखी कुणाचं तरी बाळ होतं, ते बाळ आता शाळेत जात होतं. त्यांच्या जागी लावावं असं काय आहे म्हणून त्याने खण उघडला, आणि गुरम्मा हसली. आपल्याकडे असा फोटो आहे आणि नवी पेठेतून रोज जाणाऱ्या हजार माणसांना त्याचा पत्ता नाही, हे त्याला एकाएकी सहन होईना. कलावंताचा कंडू वाईट. खाजवला की सुटतो आणि सुटला की आवरत नाही. त्याने मनाची समजूत घातली: फोटोत ईरप्पाचा चेहरा कुठे आहे, नुसता हात आहे. म्हातारीला शहरात कोण ओळखतं? राहता राहिला इंजिनाचा नंबर. तो पुसला की काम झालं.

त्याने मोठी प्रत काढली. बारीक कुंचल्याने, काळ्या शाईने इंजिनाचा नंबर इतका सफाईने बुजवला की त्याचा त्यालाही शोधून सापडेना. मग कुंचला वर सरकला, कपाळावरच्या तीन पट्ट्यांपाशी. पहिल्या पट्ट्याला तो टेकला. वेणीमाधवने डोळे बारीक करून बघितलं. पट्टे गेले तर कपाळ भुंडं दिसणार होतं, सगळा चेहराच मरणार होता. त्याने कुंचला उचलला आणि पाण्यात बुडवला. शेडात त्या इंजिनाला काय म्हणतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फोटो काचेत लागला. लोक थांबून बघायला लागले. बाजारातून जाणाऱ्या बायका म्हातारीला बघून आपसूक हसायच्या. वेणीमाधव गल्ल्यावर बसून हे बघायचा आणि फुगायचा. ईरप्पा त्या दिवसांत स्टुडिओत फिरकला नाही, ड्यूटी जास्त असेल असं वेणीमाधवने धरून टाकलं. प्रभाताईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, “अहो, ईरप्पांना विचारलंत का?” तो म्हणाला, “त्याला काय विचारायचं? खूशच होईल.” प्रभाताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुढे त्यांनाच वाटत राहिलं.

एक दिवस एक साहेब बायको आणि मुलीला घेऊन फॅमिली फोटोला आले. बायको आत केस सारखे करत होती, साहेब काचेसमोर उभे राहिले.

“सुंदर फोटो आहे. कुणाचं हो इंजीन?”

“काय माहीत साहेब, येतात जातात,” वेणीमाधव म्हणाला. आपण हुशारीने वेळ मारून नेली असं त्याला वाटलं.

“विभूती लावलेलं इंजीन पहिल्यांदाच बघतोय,” साहेब हसून म्हणाले आणि तळ्यासमोर जाऊन बसले. फोटो कुठे पाठवायचे ते त्यांनी जाताना सांगितलं. पत्ता रेल्वेच्या बंगल्याचा होता. वेणीमाधवने तेव्हाच्या तेव्हा फोटो काचेतून काढला, पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

पुढच्याच आठवड्यात एक माणूस चौकशीला आला. तो फोटो हवा होता, निगेटिव्ह असेल तर तीही. वेणीमाधवने सांगितलं की फोटो कुणीतरी विकत नेला, निगेटिव्ह सापडत नाही. उद्या पुन्हा येतो, तोवर शोधून ठेवा, असं बजावून माणूस गेला. वेणीमाधवने दुकानाचं दार लोटून घेतलं. लहान प्रत, मोठी प्रत, निगेटिव्ह, सगळं त्याने मागच्या न्हाणीत नेलं. कागद भुरकन जळाले. फिल्म जळेना, ती आक्रसून वितळत गेली आणि तिचा उग्र वास दोन दिवस घरात राहिला. पुरावाच नाही तर ईरप्पाला कोण हात लावणार, असं तो प्रभाताईंना सांगत होता. त्यात ईरप्पाची काळजी किती आणि स्वतःची भीती किती, याचा हिशेब त्याने तेव्हा केला नाही. पुढे मात्र फार वेळा केला.

दुसऱ्या दिवशी चौकशीचा माणूस रिकाम्या हाताने परत गेल्यावर वेणीमाधव ईरप्पाच्या क्वार्टरवर गेला. काचेत फोटो लावल्याबद्दल माफी मागावी, असं वाटेत ठरवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते वेगळंच. “सरळ नाही म्हणून सांग. फोटो मी असा ठेवलाय की कुणाच्या हाती लागायचा नाही.”

ईरप्पाने त्याच्याकडे बघितलं. “नीट ठेवलाय न्हवं?”

“नीट ठेवलाय,” वेणीमाधव म्हणाला.

ईरप्पाने काही नाकारलं नाही. इंजिनावर कोण होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, माझी आई होती. शेडातल्या लोकांनी त्याला खुळ्यात काढलं. फोटो नाही, साक्षीदार नाही, फायरमन आपला माणूस. नाही म्हणायला काय जात होतं? वेणीमाधवनेही स्टेशनच्या रस्त्यावर गाठून त्याला तेच विचारलं. ईरप्पाने सायकलवरून एक पाय खाली टेकवला. “आई न्हवती म्हणू? जिवंतपणी?” एवढं बोलून त्याने पायडल मारलं.

नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. नोकरी राहिली, पण मालगाडी गेली. त्याला यार्डात शंटिंगला घातलं. डबे ढकलायचे, डबे ओढायचे, दिवसभर चार फर्लांगांत पुढं-मागं. स्वामींचं इंजीन दुसऱ्याच्या हवाली झालं आणि त्याने चुन्याचे पट्टे पुसून टाकले. गावाकडे गुरम्मा बांधावर येऊन हात वर करायची आणि गाडी शिट्टी न देता निघून जायची. ईरप्पाने तिला सांगितलं, मला बढती मिळाली, आता हापिसात बसतो. म्हातारी म्हणाली, मग तुझ्या जागी शिट्टी न वाजवणारा माणूस कशाला घेतला?

वेणीमाधवने फाटकावर जाणं सोडलं. लग्नाच्या रोलमधल्या बाराच्या बारा चौकटी तो आता लग्नावरच खर्च करू लागला. मालगाड्यांना हळूहळू डिझेलची इंजिनं लागली, धुराचं काम सरलं. ईरप्पा स्टुडिओकडे पुन्हा आला नाही, आणि त्याच्या दारी जायला वेणीमाधवला तोंड नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी दुकान उघडत असताना पायरीशी ईरप्पा उभा होता. केस पिकलेले, पायात वहाणा नाहीत.

“अव्वा गेली,” तो म्हणाला. “दोन म्हयने हितंच हुती माज्यापशी. पहाटं गेली.”

ईरप्पाच्या आवाजात राग नव्हता. उलट, लांबच्या गावाहून घरी आलेल्या माणसाचा असतो तसला थकवा होता.

“तो फोटो द्या माधवराव. आता कुणाची भीती हाय? आज तिच्याजवळ ठिवतो, मग भिंतीला लावतो. पोरास्नी आजी हसती कशी ते तरी कळंल.”

खोटं बोलायला वेणीमाधवला अजूनही वाव होता. हुडकतो, सापडला की आणून देतो, म्हणता आलं असतं. पण त्या अनवाणी पायांकडे बघून त्याची जीभ वळली नाही.

“जाळला, ईरप्पा. तेव्हाच जाळला. तुला सांगायला आलो तेव्हा आधीच जाळून आलो होतो.”

ईरप्पा पायरीवर बसला. “नीट ठेवलाय म्हणला हुता की.”

“म्हणालो होतो.”

“यार्डात दिसभर डबं ढकलताना,” ईरप्पा रस्त्याकडे बघत म्हणाला, “एवढंच मनात यायचं. गेलं तर गेलं इंजीन. अव्वा माधवरावांच्या खणात हाय, हसती हाय.” मग तो उठला. “कॅमेरा घिऊन चला. येळ न्हाय.”

रीतीप्रमाणे गुरम्माला भिंतीशी बसवलं होतं. पाठीला आधार दिलेला, गळ्यात हार, मांडीवर हात. लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात, आणि तसं बसवलेल्यांचे फोटो वेणीमाधवने आजवर खूप काढले होते. लोक नंतर येऊन सांगायचे, डोळे उघडून द्या. तो छापलेल्या फोटोवर कुंचल्याने डोळे काढून द्यायचा, उघडे, समोर बघणारे. घरोघरच्या भिंतींवर त्याने काढलेले डोळे होते. त्यातला एकही जोड त्याने जिवंतपणी बघितलेला नव्हता, त्यामुळे ते काम कधी जड गेलं नाही. गुरम्माचे डोळे त्याने बघितले होते. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या काचेत, वाऱ्यात, हसण्याने बारीक झालेले. तो तीन दिवस खपला. हसरे डोळे काढून बघितले, पण खाली ओठ मिटलेले, त्यामुळे म्हातारी कुणाची तरी थट्टा करतेय असं दिसायला लागलं. शेवटी त्याने ते पुसले आणि सगळ्यांना काढायचा तसलेच काढले.

ईरप्पा फोटो न्यायला आला. उजेडाकडे धरून त्याने बघितला. “बरा आलाय,” म्हणाला. खरं तर कुणाच्याही आईचा वाटावा असा तो आला होता, आणि हे दोघांनाही दिसत होतं. प्रभाताईंनी चहा आणून ठेवला. ईरप्पा तो न पिता बसून राहिला.

“माधवराव, त्यात काय काय हुतं, सांगा की एकदा. मला आता सगळं आठवंना झालंय.”

वेणीमाधवने सांगायला सुरुवात केली. चिमणी कुठे होती, वाफ कशी उसळली होती. पदर मागे किती लांब उडाला होता. दंडावर ईरप्पाची बोटं कशी रुतली होती. पडलेल्या दाताची जागा. मग इंजिनाचं कपाळ आलं आणि तो थांबला. हे एक त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रभाताईंनासुद्धा नाही.

“नंबर मी पुसला होता. पट्टेही पुसणार होतो. कुंचला टेकवला होता, ईरप्पा. नाही पुसले. फोटो बिघडला असता म्हणून. कळत असून नाही पुसले.”

“ठाऊक हाय,” ईरप्पा म्हणाला.

“कसं?”

“तुमी काचंत लावला त्याच दिशी बघितला की. सायकलवरनं चाललो हुतो. उतरलो. नंबर न्हाय, पट्टं हाईत. म्हणलं, आता आपलं काय खरं न्हाय. आत जाऊन सांगावं, काढा ओ म्हणून.” त्याने फोटो पंच्यात गुंडाळायला घेतला. “पण जलमभर एका बांधावर उभारल्याली बाई, भर पेठेत हसत हुती. येणारंजाणारं तिच्याकडं बघून हसत हुतं. काढा म्हणवंना मला. रोज त्याच वाटंनं जायचो मग, तुमच्या पायरीला न येता.”

वेणीमाधवच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. ईरप्पा उठला, पंचा काखेत धरला आणि दारापर्यंत जाऊन वळला.

“पट्ट्यांचं मनाला लावून घेऊ नका, माधवराव. ते मीच वढलं हुतं, माज्या हातानं. तुमी जाळायला नको हुतं तेवढं.”

वेणीमाधवने मान हलवली. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.